ख्रिस्ती रॉक-संगीत, कीर्तन आणि श्रोत्याचा वाटा

धार्मिक गीताचा विचार आपल्या विद्यापीठीय समीक्षेत बहुधा संहितेच्या अंगाने होत आला आहे. छापील पद समोर ठेवावे, त्यातील प्रतिमा, वृत्त, तत्त्वविचार यांची फोड करावी, आणि झालेच तर पूर्वसूरींचा प्रभाव दाखवावा, अशी ही रीत आहे. ती टाकाऊ नाही. परंतु जी गीते मंडपात, ध्वनिक्षेपकावरून, उभ्याने ऐकावयाची असतात आणि ज्यांचा निम्मा भाग ऐकणाऱ्यानेच म्हणावयाचा असतो, त्यांच्यापुढे ती रीत थिटी पडते. ख्रिस्ती रॉक व पंक संगीत हे ह्या जातीचे आहे. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून केलेली टीका पुष्कळ आहे. त्याच्या जलशास व महोत्सवास जाणाऱ्या माणसाचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे.

नरडाण्यासारख्या ठिकाणी बसून हा विषय घ्यावा, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. पण नरडाण्याहून सुरतेकडे जाणारी पॅसेंजर दोंडाईचा, नंदुरबार करीत नवापुरास पोहोचते, आणि त्या टापूत नाताळच्या आगेमागे ज्या उघड्या सभा भरतात त्यांत गिटार, कीबोर्ड व ड्रम ही वाद्ये आता अपवादाची राहिलेली नाहीत. प्रश्न दारात आलेला आहे. तो नीट पाहावयाचा तर आधी त्याचे मूळ स्थान पाहिले पाहिजे.

लॅरी नॉर्मन ह्या अमेरिकन गायकाचा 'अपॉन धिस रॉक' हा संग्रह 1969 साली निघाला. ख्रिस्ती रॉकचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. 1970 मध्ये केंटकी राज्यातील विल्मोर येथे 'इक्थस' महोत्सव सुरू झाला, 1974 मध्ये इंग्लंडात 'ग्रीनबेल्ट'. मध्यंतरी जून 1972 मध्ये डॅलस येथे 'एक्स्प्लो 72' हे प्रचंड संमेलन भरले. तेथे बिली ग्रॅहम यांचे प्रवचन झाले आणि नॉर्मन व जॉनी कॅश यांचे गायनही. प्रवचन व गायन एकाच व्यासपीठावर आले, ही त्यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. विरोधही लगोलग उभा राहिला. टीकाकारांचे म्हणणे असे की, हा ताल, हा पेहराव, हा आवाज ही सैतानाची सामग्री होय. तीत पवित्र शब्द घातल्याने ती पवित्र होत नाही. जिमी स्वॅगर्ट ह्या प्रवचनकाराने 1987 साली ह्याच आशयाचे पुस्तक लिहिले. समर्थकांचे उत्तर असे की, पात्र कोणतेही असो, आत काय भरले आहे ते पाहा.

दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. पात्र व पदार्थ हे रूपकच येथे लागू पडत नाही. गाण्याचा प्रकार उसना घेतला म्हणजे केवळ चाल व वाद्ये येत नाहीत; त्या प्रकारात श्रोत्याने केव्हा गप्प बसावे, केव्हा ओळ उचलावी, कोठे उभे राहावे, अंग किती हलवावे, ह्याविषयीचा सारा अलिखित करार त्याबरोबर येतो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे सांगावयास नको. संभाषणातील पाळीचे नियम वाक्यरचनेइतकेच भाषेचे अंग आहेत.

जे हॉवर्ड व जॉन स्ट्रेक यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या 'अपॉसल्स ऑफ रॉक' ह्या ग्रंथात ख्रिस्ती रॉकचे तीन वर्ग पाडले आहेत. जगापासून अलग राहून केवळ भाविकांसाठी गाणारे, जगाच्या बाजारात मिसळू पाहणारे, आणि कलेस कला म्हणूनच मूल्य देणारे, असे ते वर्ग होत. ही विभागणी उपयुक्त आहे, आणि ह्या विषयावर लिहिणाऱ्याने ती वाचलीच पाहिजे. तथापि तिचा आधार मुख्यतः गाणाऱ्याचा हेतू हा आहे. एकाच हेतूने गाणारे दोन वृंद श्रोत्यास अगदी भिन्न जागा देऊ शकतात, हे त्या वर्गीकरणातून निसटते.

ह्याचे उत्तम उदाहरण इलिनॉय राज्यातील 'कॉर्नरस्टोन' महोत्सवाचे आहे. शिकागोच्या 'जीझस पीपल यूएसए' ह्या सामुदायिक जीवन जगणाऱ्या मंडळीने तो 1984 साली सुरू केला. पुढे बुशनेल गावाजवळच्या शेतजमिनीवर तो भरू लागला आणि 2012 साली बंद झाला. तेथे अधिकृत व्यासपीठे होतीच. परंतु तंबू ठोकून राहिलेल्या श्रोत्यांपैकी काहीजण आपापले जनरेटर घेऊन येत, फळ्यांचे मचाण बांधीत आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव नसताना गाऊ लागत. ह्या मचाणांना 'जनरेटर स्टेज' असेच नाव पडले. तिकीट काढून आलेला माणूस सायंकाळी गायक झालेला असे. पंक व हार्डकोअर प्रकारचे वृंद येथे विशेष रमले, ह्यात आश्चर्य नाही. पंक संगीताची मूळ प्रतिज्ञाच अशी की, तीन स्वरमेळ येणाऱ्या कोणीही गावे. गळा गोड असलाच पाहिजे असे नाही. व्यासपीठ आणि जमीन यांतील अंतर जितके कमी तितके बरे. ख्रिस्ती पंकवर 'हे धड पंक नव्हे, धड ख्रिस्ती नव्हे' असा आक्षेप दोन्हीकडून आला. त्यातील पहिल्या भागात तथ्य आहे: बंडखोरीच्या संगीतात आज्ञापालनाचा उपदेश आला की काही तरी विसंगत वाटते. मात्र श्रोत्याच्या बाजूने पाहता ही विसंगती पुष्कळ ओसरते. ज्या उपासनेत साक्ष देण्याचा अधिकार कोणाही साध्या माणसास आहे, त्या उपासनेस कोणाही साध्या माणसाने गावे असे संगीत परके कसे म्हणावे?

हा सगळा वाद महाराष्ट्रास नवा नाही. मुक्तिफौजेचे चार अधिकारी 19 सप्टेंबर 1882 रोजी मुंबईस उतरले. त्यांचे नायक फ्रेडरिक टकर यांनी पुढे 'फकीरसिंग' हे नाव व देशी वेष धारण केला. रस्त्यावर वाजतगाजत मिरवणुका काढण्यावरून पोलिसांशी त्यांचा खटका उडाला आणि टकर यांना कैदही भोगावी लागली. देवळाबाहेर, रस्त्यात, ढोल व बिगुल घेऊन केलेली उपासना म्हणजे असभ्यपणा, असे त्या काळच्या प्रतिष्ठित ख्रिस्ती समाजासही वाटे. शंभर वर्षांनी पंक वृंदांविषयी झालेली कुरकुर ह्याहून फारशी निराळी नाही.

त्याहून मोलाचे उदाहरण ख्रिस्ती कीर्तनाचे आहे. फादर स्टीफन्स यांच्या 1616 साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'ने ओवी स्वीकारली, पण ती वाचून दाखविण्याची ओवी होती. श्रोत्याच्या तोंडी ध्रुपद आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव ह्या कामी अग्रभागी आहे; पुढे 1895 साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी ह्या परंपरेस काव्यगुणाची जोड दिली. देवळातला प्रकार उपासनेत कसा आणावा, ही शंका तेव्हाही घेतली गेली. ती घेणाऱ्यांनी आख्यानाकडे पाहिले: कृष्णाच्या जागी ख्रिस्त आला की नाही? पूर्वरंगातील निरूपण शुद्ध आहे की नाही? वास्तविक लाभ निराळाच होता. कीर्तनास बसणारा मराठी माणूस शिकूनच आलेला असे. टाळ कोठे पडणार, ध्रुपद कोठे उचलावयाचे, 'बोला' म्हटल्यावर काय बोलावयाचे, हे त्यास कोणी सांगावे लागत नव्हते. मिशनने एक प्रकार घेतला आणि त्याबरोबर तयार श्रोता आयता मिळविला. टिळकांच्या काव्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या श्रोत्यावर जवळजवळ काहीच नाही.

आता खानदेशाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम खानदेशात जी मिशने काम करीत होती, त्यांत स्वीडिश मुक्त मंडळ्यांतून आलेल्यांचा भरणा होता. गंमत अशी की, खुद्द स्वीडनमध्ये ह्या मुक्त मंडळ्यांत गिटारच्या साथीने समूहाने गाण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजलेली होती. गिटार म्हणजे आधुनिकांचे खूळ, असे म्हणणाऱ्या आमच्याकडील वडीलधाऱ्या पाळकांनी हा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे.

ह्या भागातील श्रोता रॉक ऐकण्याची शिकवण घेऊन आलेला नसतो. त्याची शिकवण लग्नातल्या बँडची, श्रावणातील कानबाईच्या गाण्यांची, होळीची आणि पावरीच्या सुरांची असते. त्यामुळे नवापूरकडील मंडपात ड्रमचा ठेका सुरू झाला म्हणजे पुढे बसलेल्या तरुणांस रॉक ऐकू येत नाही. बँड ऐकू येतो, आणि पाय त्या अंगाने हलू लागतात. हे अशुद्ध ग्रहण आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. अहमदनगरास जे कीर्तनाच्या बाबतीत घडले त्याचेच हे दुसरे रूप आहे. पाळकांची अस्वस्थता त्या ठेक्याने परदेशाची नव्हे तर वरातीची आठवण होते म्हणून आहे, असे बारकाईने पाहिल्यास दिसेल.

अडचण आहे ती भाषेची. सभेतील प्रार्थना व प्रवचन प्रमाण मराठीत होतात. आराधनेची नवी गीते पुष्कळदा हिंदीत असतात. आणि मंडपात बसलेली माणसे घरी अहिराणी, मावची किंवा भिलीची अन्य बोली बोलतात. ग्रिअर्सन यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशी बोली मराठीत न घालता भिली बोलींच्या सान्निध्यात ठेवली, ह्यावर आजही वाद होतो. वर्गीकरण काहीही असो. गीताच्या दृष्टीने त्या बोलीचे दोन गुण महत्त्वाचे आहेत.

पहिला गुण लयीचा. इंग्रजी रॉकची ओळ बहुधा आघातयुक्त एकाक्षरी शब्दावर आदळून थांबते. प्रमाण मराठीत ओळीचा शेवट 'आहे', 'करतो', 'देतोस' अशा द्व्यक्षरी-त्र्यक्षरी क्रियापदांवर येतो, आणि ठेक्यात बसविण्यासाठी शेवटचे अक्षर ताणावे लागते. इंग्रजी चालींवर बेतलेल्या जुन्या मराठी गीतांत ऱ्हस्वाचे दीर्घ करण्याची जी ओढाताण कानास खटकते, तिचे कारण हेच. अहिराणीत 'आहे'च्या जागी 'शे' हे एकच अक्षर पुरते. 'करस', 'जास' ही रूपे सकारात बंद होतात. ठेक्यावर ती न ताणता बसतात.

दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. ख्रिस्ती रॉकवरील एक जुना आक्षेप असा की, त्यातील 'तू' कोण हे कळत नाही. तेच गाणे प्रेयसीस म्हणावे, तेच प्रभूस. नाव न घेता 'यू' म्हटले की रेडिओवर दोन्ही प्रकारचा श्रोता मिळतो. हा आक्षेप घेणाऱ्यांना आपल्याकडील विरहिणी ठाऊक नसाव्यात. परंतु प्रमाण मराठीत ही संदिग्धता सहजासहजी साधतच नाही. 'तू करतोस' की 'तू करतेस', हे वर्तमानकाळातच ठरवावे लागते आणि अर्थाची एक वाट तेथेच बंद होते. जुन्या पद्यभाषेतील 'करिसी' ह्या रूपास लिंगभेद नाही. अभंगास जो मोकळेपणा लाभला त्यात ह्या रूपाचाही हात आहे. अहिराणीतील 'तू करस' हे रूपही तसेच आहे. म्हणजे ह्या एका बाबतीत नवापूर-धुळ्याकडची बोली आजच्या प्रमाण भाषेपेक्षा संतांच्या भाषेस आणि रॉक-गीतासही अधिक जवळची ठरते. अहिराणीत नवा करार उतरला आहे, काही गीतेही होऊ लागली आहेत. पण मंडपातील मुख्य व्यासपीठावर त्यांना अद्याप आमंत्रित पाहुण्याचे स्थान आहे, यजमानाचे नाही.

ह्या सभांतील गायनाविषयी स्पष्ट मत द्यावयाचे तर असे. वादन सफाईदार होत चालले आहे, आणि त्या प्रमाणात श्रोत्याचा वाटा आकसत चालला आहे. पडद्यावर शब्द उमटतात, श्रोता ते वाचून म्हणतो. त्याने उचलावयाचे ध्रुपद त्यास पाठ असण्याची गरज उरत नाही. मोठ्या शहरातील आराधनावृंदांच्या ध्वनिमुद्रणांची हुबेहूब नक्कल करण्याकडे वादकांचा कल असतो. ठेका लांबवावा, श्रोत्यांनी ओळ पुन्हा मागितली तर थांबावे, हे कीर्तनकारास सहज जमणारे कसब त्यात दिसत नाही. रॉककडून गिटार घेतली गेली, जनरेटर स्टेज घेतले गेले नाही. वास्तविक जनरेटर आमच्या मंडपात पहिल्यापासून आहेच. वीज गेली की तोच सभा चालवितो.

एक भाग मात्र ह्यास अपवाद आहे. गाणी संपली की साक्ष देण्यासाठी ध्वनिक्षेपक श्रोत्यांत फिरतो. एखादी वृद्ध बाई उठते, पहिली दोन वाक्ये प्रमाण मराठीत बोलते आणि तिसऱ्या वाक्यास मावचीत किंवा अहिराणीत शिरते. कीबोर्डवाला मुलगा हळूच एक सूर धरून ठेवतो. तिची वाक्ये आखूड होऊ लागतात, क्रियापद दर वेळी त्याच जागी पडते, आणि मंडप त्या क्रियापदाबरोबर 'हालेलुया' म्हणू लागतो. कोणी शिकविलेले नसते, पडद्यावर काही उमटत नाही. ह्या सभांची जी चित्रमुद्रणे पाहावयास मिळतात त्यांत गाणी पूर्ण असतात; साक्षीचा हा भाग बहुधा कापलेला असतो, आणि आपल्या विभागात एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी आलेल्या विद्यार्थ्यांनीही आजवर गाणीच उतरवून घेतली आहेत.