मरणाची खूण आणि तिचें वाचन

ग्रेव्ह मर्सी : लेखिका रॉबिन लाफीव्हर्स, भाषा इंग्रजी, प्रकाशन २०१२.

जुने कागद जमविणाऱ्यांच्या त्रैमासिकांत एका अद्भुत कादंबरीचा परामर्श कशास, असें कोणी विचारील. वरवर पाहतां ही एका तरुण मारेकरणीची कथा आहे. पण तिचें मर्म एका अस्सल खुणेच्या चुकीच्या वाचनांत आहे, आणि तो तर आपल्या अभ्यासाचाच विषय होय.

कथेची भूमि फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रितानी. २८ जुलै १४८८ रोजीं सेंत-ओबँच्या लढाईंत फ्रेंच फौजेनें या संस्थानाचा मोड केला. सप्टेंबरांत ड्यूक दुसरा फ्रान्सिस वारला व गादी अकरा वर्षांच्या अ‍ॅनकडे आली. तिच्याहून वयानें कितीतरी मोठ्या दाल्ब्रेशीं तिचें लग्न लावण्याची खटपट दरबारांतूनच चालली होती. एवढा भाग इतिहासाचा. मृत्युदेव मॉर्टेन, त्यास संत ठरवून त्याची उपासना करणाऱ्या संन्यासिनींचा मठ, नायिका इस्मे व तिचा साथी द्युवाल हीं मात्र लेखिकेच्या कल्पनेचीं. दोन्ही धागे तिनें इतके बेमालूम विणले आहेत कीं, उतावळा वाचक मठासहि इतिहासांत जमा करील.

लग्नाच्याच दिवशीं नवऱ्याचा मार खाऊन मठाच्या आश्रयास आलेल्या इस्मेस तेथें शस्त्र व विष यांचें शिक्षण मिळतें. विष तिला स्वतःला बाधत नाहीं. येथें आपल्याकडील विषकन्येची आठवण होते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसां’त राक्षसानें चंद्रगुप्तावर योजिलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवितो. तिला नांव नाहीं, भाषण नाहीं, रंगभूमीवर प्रवेशहि नाहीं. पटावरील प्याद्याप्रमाणें ती एका मुत्सद्द्याच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जाते. इस्मे आपली कथा स्वतःच्या तोंडानें सांगते. विषकन्येचा स्पर्श मारतो. हिचा स्पर्श अखेरीस द्युवालच्या अंगांतील विष ओढून घेतो. प्यादें बोलूं लागलें म्हणजे डावाचा हिशेब बदलतो, हें दाखविणें हें या कादंबरीचें मोठें श्रेय.

मठाचा सिद्धान्त असा कीं, ज्याच्या अंगावर मृत्युदेवाची खूण दिसेल त्यास मारणें ही देवाज्ञा. खूण इस्मेला खरोखर दिसते. ती बनावट नव्हे. परंतु शेवटीं रणांगणावर तिला उमगतें कीं, ती खूण ‘हा मरणार’ एवढेंच सांगते, ‘यास मार’ असें सांगत नाहीं. खूण अस्सल, वाचन खोटें. आणि त्या वाचनावर माणसें मेलीं. एका अक्षराच्या चुकीनें निवाड्याचा अर्थ फिरतो, हें मोडी वाचणाऱ्यांस सांगावयास नको.

आम्हीं हें पुस्तक चिंचवडास वाचलें. तेव्हां चापेकरांचें स्मरण होणें अपरिहार्य होतें. दामोदर हरि चापेकर याच गांवचे. प्लेगच्या घरझडत्यांचा संताप मनांत धरून २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्यांनीं व बाळकृष्णांनीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास दामोदर फांशीं गेले. कैदेंत असतां त्यांनीं लिहिलेलें आत्मवृत्त उपलब्ध आहे. मारणारा स्वतः बोलतो असा हा दुर्मिळ कागद. तो आदरणीय खरा. पण कोणाच्या पहाऱ्यांत, कोणत्या वाचकासाठीं व काय सिद्ध करण्यासाठीं तो लिहिला गेला, हें विचारल्याविना त्यांतील ओळ प्रमाण धरणें म्हणजे मठाचीच चूक करणें होय. शिवाय १८९९ च्या मे महिन्यांत बाळकृष्ण व वासुदेव हेहि फांशीं गेले. मागें राहिलेल्या स्त्रियांनीं तें सारें कसें सोसलें, हें त्याआधींच संपलेल्या आत्मवृत्तांत असणें शक्य नव्हतें. झडत्यांची झळ ज्यांना लागली, वैधव्य ज्यांना आलें, त्यांचा आवाज निराळ्याच कागदांत शोधिला पाहिजे.

कादंबरींत दोष आहेत. इस्मेची विचारसरणी पुष्कळ ठिकाणीं पंधराव्या शतकाची न वाटतां आमच्या काळची वाटते, व उत्तरार्धांत प्रेमकथा राजकारणास मागें सारते. त्याहून मोठा दोष हा कीं, खुणेचा अर्थ उलगडावयास मृत्युदेव स्वतः येतो. आपल्या दफ्तरांत असा खुलासा करावयास कोणी येत नाहीं. तरीहि संग्राहकांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. आणि मिटल्यावर आपल्या पेटींतील एखादा कागद पुनः बाहेर काढून, तो आपण बरोबर वाचला होता काय, हें पाहावें.