बदललेली माणसे की बदललेले निवेदन? : नायपॉल यांच्या भारतविषयक ग्रंथत्रयीसंबंधी

प्रवासलेखकाचे परक्या समाजाविषयीचे मत कालांतराने सौम्य झाले, की तो बदल त्याच्या प्रौढतेचा पुरावा मानला जातो. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस' (१९६४), 'इंडिया : अ वूंडेड सिव्हिलायझेशन' (१९७७) आणि 'इंडिया : अ मिलियन म्यूटिनीज नाऊ' (१९९०) ही तीन पुस्तके बहुधा अशीच, तिरस्काराकडून स्वीकाराकडे झालेली वाटचाल म्हणून वाचली जातात. परंतु येथे केवळ मत बदललेले नाही. निवेदनाची रीतच बदलली आहे.

त्रिनिदादमध्ये करारबद्ध मजुराच्या वंशात जन्मलेल्या नायपॉल यांना १९६२ साली भारत ना पूर्ण परका वाटतो, ना आपला. पहिल्या पुस्तकातील निवेदक मुख्यतः पाहतो. माणसे त्याच्या दृष्टीसमोरील दृश्याचा भाग होतात. पूर्वजांच्या गावातूनही तो अधीरतेने काढता पाय घेतो. अपवाद श्रीनगरच्या हॉटेलातील अझीझचा. तेथे महिनोन्महिने मुक्काम घडल्याने संशय, जिव्हाळा आणि चीड यांचे हेलकावे निवेदकाला आवरता येत नाहीत, आणि निर्णायक विधान लांबणीवर पडते. तिसऱ्या पुस्तकाचे बीज या सहवासात आहे.

आणीबाणीच्या काळातील भेटीवर आधारलेल्या दुसऱ्या पुस्तकात मात्र प्रत्यक्ष माणूस आणखी दूर जातो. आर. के. नारायण यांच्या कादंबऱ्या, अनंतमूर्तींची 'संस्कार', गांधीजींचे आत्मचरित्र यांतून संस्कृतीचे निदान केले जाते. व्यक्ती त्या निदानाची लक्षणे ठरतात.

१९९० च्या पुस्तकात माणसे प्रदीर्घ बोलतात. नामदेव ढसाळ आणि मल्लिका अमर शेख यांच्यावरील भाग मराठी वाचकाला विशेष जवळचा. तथापि ऐकण्याची ही रीतही निरपेक्ष नाही. मुंबईचा कवी असो वा दक्षिणेतील कुटुंबप्रमुख, सर्वांचे बोलणे एकाच संयत इंग्रजीत उतरते. 'गोलपिठा'च्या (१९७२) भाषेतील विद्रोह येथे वृत्तान्ताचा विषय होतो, भाषेचा गुण राहत नाही. शिवाय 'बंड' हे शीर्षकातील सूत्र प्रत्येक कहाणीला आधीच अर्थ पुरविते.

येथे प्रश्न भारतीय वाचकाच्या निकषाचाही आहे. निस्सीम इझिकेल यांनी पहिल्या पुस्तकाला दिलेल्या उत्तरात दोषदर्शन नाकारलेले नव्हते; त्यांचा आक्षेप निवेदकाच्या वैयक्तिक उद्वेगातून समाजाविषयी सरसकट निष्कर्ष काढण्याला होता. हाच निकष तिसऱ्या पुस्तकालाही लावणे अगत्याचे आहे. निंदा अमान्य आणि प्रशंसा मान्य, एवढ्यावर थांबणारी समीक्षा लेखकाचा कल मोजते, त्याची ज्ञानपद्धती तपासत नाही. तिसरे पुस्तक श्रेष्ठ ठरते ते भारताविषयी बरे बोलते म्हणून नव्हे. निवेदकाच्या अनुमानाला खोडून काढण्याइतका अवकाश त्यातील माणसांना काही ठिकाणी मिळतो म्हणून. जेथे तो मिळत नाही, तेथे सहानुभूतीच्या स्वरातही जुनाच निर्णायक निवेदक ऐकू येतो.