मराठी साधनांच्या यादीला कोणते नियम हवेत?

कुठल्याही विषयातलं सॉफ्टवेअर शोधायला गेलात की गिटहबवरची एखादी ‘ऑसम’ यादी हमखास समोर येते. सिंद्रे सोरहुस यांनी २०१४ साली सुरू केलेल्या या प्रकाराचे संपादकीय नियम कडक आहेत. दिसेल ते गोळा करायचं नाही, निवडायचं. प्रत्येक नोंदीला थोडक्यात वर्णन हवं. आणि ज्याची देखभाल थांबली आहे, ते मुख्य यादीतून बाहेर. नियम चांगलेच आहेत. पण मराठी भाषेच्या साधनांसाठी ते जसेच्या तसे उचलले, तर माझ्या मते हा शेवटचा नियम घात करतो.

जावास्क्रिप्टची एक लायब्ररी बंद पडली तर तिच्या जागी दहा उभ्या राहतात. मराठीत तसं नाही. एल३क्यूबचा २०२१ चा महासेंट डेटासेट घ्या: सुमारे १६ हजार मराठी ट्विट, प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ अशी खूण. असा डेटासेट एकदा तयार झाला की त्यात दर महिन्याला बदल करायचं कारणच नसतं. मग ‘शेवटचा बदल कधी?’ हा निकष लावून तो काढायचा का? त्यापेक्षा नोंदीत लिहा की ही ट्विटची भाषा आहे, म्हणजे ग्रामपंचायतीकडे आलेल्या तक्रारअर्जांसाठी कोणी तो डोळे झाकून वापरणार नाही.

एआय४भारतची भारतीय भाषांची सामायिक सूची मला फार उपयोगी पडली आहे. पण तिथल्या बऱ्याच नोंदी म्हणजे नाव आणि दुवा. साधन आहे हे कळतं, मराठीत ते कुठे अडखळतं हे कळत नाही.

एक उदाहरण सांगते. मी सोमाटण्याची, मावळात राहून ‘दऱ्या’ हा शब्द टाळता येत नाही. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मागोमाग एक न दिसणारं जोडचिन्ह. मजकूर ‘स्वच्छ’ करणारं साधन अदृश्य चिन्हं कचरा समजून उडवतं, आणि दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो. डोंगरातून थेट समुद्रात! लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात ते वेगळंच. हिंदीत हा र नाही, त्यामुळे फक्त हिंदीवर तपासलेल्या साधनात ही चूक कोणाला दिसतच नाही. प्रोग्रॅम अडत नाही, एरर येत नाही, नुसते आकडे चुकतात.

म्हणून माझा नियम असा: नोंद सुचवणाऱ्याने साधन स्वतः चालवलेलं असावं आणि पुल रिक्वेस्टमध्ये ‘दऱ्या’ असलेलं एक वाक्य घालून काय बाहेर आलं ते द्यावं. नापास झालेलं साधनही राहू द्या, शेजारी ‘जोडचिन्ह उडवतं’ एवढं लिहून. लायसन्स तर लिहायलाच हवं.

कोणी म्हणेल, एवढी कटकट केली तर नोंदी कमी येतील. येऊ देत. फक्त ते वाक्य दोन्ही प्रकारे टाइप केलेलं हवं, नाहीतर चाचणी पास होईल आणि चूक तिथेच राहील.