'स्मृतिचित्रे' : सोसणे आणि सावरणे

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून या आत्मचरित्राचा गौरव बहुधा एकाच भाषेत होत आला आहे. प्रांजळपणा, खेळकरपणा, निर्व्याज विनोद ही विशेषणे त्याला जणू कायमची चिकटली आहेत. ती खोटी नाहीत. परंतु अपुरी आहेत. हसरेपणा ही स्वभावाची देणगी मानली की त्यामागचे कष्ट दृष्टीआड होतात आणि दुःखातून वाट काढणाऱ्या एका स्वतंत्र बुद्धीची कहाणी केवळ एका भाबड्या बाईची गंमतीदार आठवण होऊन बसते.

या पुस्तकातील दुःखाची यादी लहान नाही. सोवळ्याच्या अतिरेकाने मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरात बालपण गेले. अकराव्या वर्षी विवाह झाला. नारायण वामन टिळकांसारखा प्रतिभावान, उदार आणि तितकाच तापट, मनात येईल तेव्हा घर सोडून निघून जाणारा पती वाट्याला आला. बिऱ्हाड स्थिर नव्हते, पैसा टिकत नव्हता, पोटची मुले दगावली. अखेर १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने नवरा जिवंत असतानाच संसार संपला.

लक्ष्मीबाईंचा विनोद सर्वत्र सारख्याच मोकळेपणाने वावरत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वडिलांचे सोवळे सांगताना तो मनसोक्त खेळतो. कारण त्या जाचाकडे पाहण्यास पुरेसे अंतर मिळालेले असते. स्वतःच्या फजितीच्या प्रसंगी तो सर्वांत धारदार होतो. धर्मांतराच्या वार्तेपाशी मात्र तो मागे सरतो. तेथे लेखिका आपला आक्रोश सजवत नाही आणि लपवतही नाही. विनोदाने वेदना झाकायची असती, तर तो येथेच सर्वाधिक दिसला असता. म्हणजे हा विनोद दुःखावरचे पांघरूण नव्हे. दुःख पचल्यानंतर आलेली ती दृष्टी आहे.

लक्ष्मीबाईंची उमेद कशावर उभी आहे, याचे उत्तर पुढील पाच वर्षांच्या कथनात सापडते. आप्तांच्या आधाराने त्या काही काळ पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, पण धर्म सोडला नाही. एकाच घरात त्यांची चूल वेगळी राहिली, पाण्याचा विटाळ सांभाळला गेला. मग हळूहळू त्यांच्या मनात प्रश्न उभे राहिले : जातिभेद देवाने केला की माणसाने? त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या विचाराने शोधले, आणि ते पटल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या प्रवासाच्या शेवटी. पतीमागून निमूट जाणाऱ्या पतिव्रतेचे चित्र येथे बसत नाही. परिस्थितीने सर्व काही हिरावून घेतल्यावरही निर्णय घेण्याचा अधिकार आपल्यापाशी उरतो, ही जाणीव त्यांना सावरते.

भारतीय भाषांतील स्त्री-आत्मकथनांच्या शेजारी ठेवले म्हणजे हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. बंगालीतील राससुंदरी देवी 'आमार जीबन'मध्ये चोरून अक्षरे गिरवतात आणि ईश्वराच्या दयेवर भार टाकतात. मराठीतील रमाबाई रानडे यांच्या आठवणींचा केंद्रबिंदू न्यायमूर्ती रानडे हेच आहेत. त्यांच्या निधनाबरोबर ते कथनही थांबते. टिळक १९१९ साली गेले. 'स्मृतिचित्रे' मात्र तेथे संपत नाहीत. मुंबईतून पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला गेलेल्या वृद्ध स्त्रीचे आयुष्यही तितक्याच कुतूहलाने सांगितले जाते. शोक आहे, पण जगाविषयीची उत्सुकता विझलेली नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. टिळकांच्या वागण्यातील अन्याय लक्ष्मीबाई इतक्या सौम्यपणे सांगतात की आजचा वाचक अस्वस्थ होतो. त्यांनी क्षमा केली, की तक्रार करण्याची भाषाच त्यांच्या काळाने त्यांना दिली नव्हती? हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण त्यांनी काहीही गाळलेले नाही, हेही तितकेच खरे. भांडणे, उपासमार, न सांगता झालेली प्रयाणे ही सारी तपशिलासह नोंदली आहेत. निवाडा त्यांनी दिला नाही. पुरावा मात्र नष्ट केला नाही. प्रेम आणि सत्य यांपैकी एकाचा बळी देऊन दुसरे राखण्याची सोपी वाट त्यांनी नाकारली.

शाळेचे तोंड न पाहिलेल्या या लेखिकेने आशावादाचा उपदेश कोठेही केलेला नाही. दुःख मोठे करून सांगितले नाही, लहानही केले नाही. जे घडले ते पुन्हा नीट पाहता येणे, आणि पाहताना स्वतःलाही हसता येणे, एवढेच त्यांचे सामर्थ्य. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला धीर येतो तो सांत्वनामुळे नव्हे, तर या निर्भय दृष्टीमुळे.