चित्रपटाभ्यासातील पाठनिश्चितीचा प्रश्न

विद्यापीठीय चित्रपटाभ्यासाचे इतिहास, सिद्धान्त व जागतिक चित्रपट असे तीन विभाग सामान्यतः पाडले जातात आणि त्यांपैकी अग्रपूजेचा मान सिद्धान्ताकडे जातो. हा मान त्याला बव्हंशी भाषाशास्त्राच्या पुण्याईवर मिळालेला आहे. क्रिस्तियां मेत्झ या फ्रेंच अभ्यासकाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, चित्रपटाला भाषा म्हणता येईल काय, हा प्रश्न सोस्यूरच्या परिभाषेत उपस्थित केला. त्याचे उत्तर सावध होते. चित्रपटातून अर्थाचे वहन होते. परंतु त्यामागे मराठीसारखी किंवा फ्रेंचसारखी, सर्व भाषकांना समान अशी नियमबद्ध व्यवस्था नसते. पडद्यावरील पिस्तुलाचे चित्र हे 'पिस्तूल' या शब्दाच्या तोडीचे नसून 'हे पहा पिस्तूल' या वाक्याच्या तोडीचे असते. शब्दांचा कोश करता येतो. अशा चित्रांचा करता येत नाही. हे विवेचन आजही मननीय आहे. त्यातील सावधपणा मात्र मागे पडला, आणि 'चित्रपटाचे व्याकरण' हा शब्दप्रयोग वर्गांतून अद्याप बिनदिक्कत चालतो.

तथापि खरा आक्षेप वेगळाच आहे. १९७१ च्या ग्रंथात मेत्झने चित्रपटाला 'पाठ' ही संज्ञा लावली व ती सर्वत्र रूढ झाली. संज्ञा आली, पण पाठ कोणता, कोणत्या प्रतीतला, कितपत अभंग, हे प्रश्न विचारणारी पाठचिकित्सा तिच्याबरोबर वर्गात आली नाही. ते काम अभिलेखागारांतील तज्ज्ञांवर सोपवून अध्यापक मोकळे झाले. पुण्यात तर ही उणीव विशेषच जाणवावी. ज्या संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून संशोधित आवृत्ती सिद्ध केली ती भांडारकर संस्था, आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, या दोन्ही वास्तू लॉ कॉलेज रस्त्याच्याच परिसरात आहेत.

या उपेक्षेचे फळ काय, हे फाळक्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. तो चार रिळांचा होता. आज उपलब्ध आहेत ती पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे. आणि तीही मूळ चित्रपटाची नसून, फाळक्यांनी १९१७ साली त्याच कथेवर पुन्हा काढलेल्या 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' याची असावीत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. हे मत ग्राह्य धरल्यास केवळ सनावळीत फरक पडतो असे नव्हे. मधल्या चार वर्षांत फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' काढले होते, १९१४ साली आपले चित्रपट लंडनला नेऊन दाखविले होते. १९१७ हे तर 'लंकादहन'चेही वर्ष. म्हणजे ज्या चित्रणाला नवशिक्या हाताचा पहिला प्रयत्न समजून विद्यार्थी त्यातील गुणदोष सांगतात, ते कदाचित मुरलेल्या हाताचे काम असेल. मत निर्णायक ठरो वा न ठरो, 'आरंभीच्या भारतीय चित्रपटाची दृष्टी' यासारख्या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्याला त्याचा निर्देशही करावासा वाटू नये, हे चिंताजनक आहे.

परदेशी चित्रपटांची स्थितीही याहून फार निराळी नाही. फ्रित्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रथम दाखविला गेला व लवकरच त्याचा सुमारे चौथा हिस्सा कापला गेला. २००८ साली ब्वेनोस आयरेस येथे दीर्घ आवृत्तीची १६ मिलिमीटरची झिजलेली प्रत सापडली आणि २०१० मध्ये बहुतांश पूर्ण असा पाठ सादर झाला. मधल्या ऐंशी वर्षांत कथानकाच्या विस्कळीतपणाबद्दल लांगला जे दूषण दिले गेले, त्यातले बरेचसे वस्तुतः कातरीच्या वाट्याला जावयास हवे होते. कुलेशॉव्हच्या विख्यात प्रयोगाची कथा तर याहून चमत्कारिक. नटाचा एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या दृश्यांशेजारी ठेवला असता प्रेक्षकांना त्यावर निरनिराळे भाव दिसले, हे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. पण ती फीत आज उपलब्ध नाही, आणि मागाहून लिहिलेल्या वर्णनांत त्या दृश्यांविषयीही एकवाक्यता नाही. संकलनाच्या सिद्धान्ताचा हा आधारस्तंभ म्हणजे पोथी हरवलेल्या ग्रंथाचे अवतरण होय.

मूकपट सेकंदाला चोवीस चित्रांच्या बोलपटी गतीने दाखविला की पात्रे धावू लागतात व वर्ग हसतो. तेथेही पाठच बिघडलेला असतो.

जागतिक चित्रपट तर बहुधा इंग्रजी अनुवादाच्या ओळींतूनच वाचले जातात. ओझूच्या 'टोकियो स्टोरी' (१९५३) मध्ये विधवा सून सासूसासऱ्यांशी ज्या आदरार्थी रूपांत बोलते आणि पोटची मुले ज्या तुटक रूपांत बोलतात, त्यांतील अंतर हाच या चित्रपटाचा मर्मभाग आहे. इंग्रजीतील एकमेव मध्यमपुरुषी सर्वनामात ते पुसले जाते. 'तू', 'तुम्ही', 'आपण' असे स्तर ज्या भाषेत आहेत तीत ते बरेचसे राखता येईल. आणि पदव्युत्तर वर्गाला करण्याजोगे काम म्हणून, अशा एका चित्रपटाचे संवाद जपानी जाणणाऱ्यांच्या साह्याने मराठीत, प्रत व लांबी नमूद करून, सिद्ध करावयास हरकत नाही.