गिधाड आणि मेलेले ढोर : एका संशोधनातील रिकामी जागा

पर्यावरणाचा ऱ्हास हा कोणत्याही एका विद्याशाखेच्या आवाक्यातील विषय नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. तथापि निरनिराळ्या शास्त्रांचे विद्वान एकत्र आले म्हणजे सत्य संपूर्ण हाती लागते काय, हा प्रश्न उरतोच. भारतातील गिधाडांच्या विनाशावर झालेले संशोधन या दृष्टीने तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

या संशोधनाचे मोठेपण प्रथम मान्य केले पाहिजे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकात निदर्शनास आणले. आरंभी संशय साथीच्या रोगावर होता. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची शवचिकित्सा केली आणि २००४ साली खरे कारण पुढे आले. गुराढोरांना वेदनाशमनासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई व त्याचे मूत्रपिंड निकामी करी. शेकडा एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढा संहार घडू शकतो, हे गणिती प्रतिमानांनी दाखविले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. या पुराव्यामुळेच २००६ साली भारत सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

पुढे अर्थशास्त्रज्ञ या अभ्यासात उतरले. अनिल मार्कंडेय व सहकाऱ्यांनी २००८ साली गिधाडांची घट, भटक्या कुत्र्यांची वाढ आणि पिसाळरोग यांचा संबंध जोडून हानीचा हिशेब मांडला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा २०२४ सालचा निबंध त्याहून पुढे जातो. जेथे पूर्वी गिधाडांचा अधिवास होता ते जिल्हे आणि जेथे नव्हता ते जिल्हे यांच्या मृत्युदरांची तुलना करून, २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. एका पक्ष्याचे मोल माणसाच्या जिवाशी इतक्या नेमकेपणे जोडणारे लेखन विरळाच.

आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. या सर्व विवेचनात गिधाड हा निसर्गाचा सफाई कामगार ठरतो. ही उपमा सहज सुचलेली असली तरी ती निष्पाप नाही. या देशात मेलेले ढोर आपोआप गिधाडापुढे जाऊन पडत नव्हते. ते गोठ्यातून ओढून गावकुसाबाहेर नेणारा आणि त्याचे कातडे सोलणारा माणूस होता, आणि ते काम त्याच्यावर जन्माने लादलेले होते. कातड्याहाडांच्या व्यवहाराचा उल्लेख संशोधनात येतो. परंतु हे काम कोणाच्या वाट्याला व का आले, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न होत नाही. पशुवैद्यक, पक्षिशास्त्र, गणित, अर्थशास्त्र अशी सारी शास्त्रे एकत्र आली. जातीचा अभ्यास मात्र उंबरठ्याबाहेरच राहिला.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस वर्ज्य करण्याचे आवाहन केले, तेव्हा मेलेल्या ढोराचा प्रश्न हा मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून उभा राहिला. २००२ साली हरियाणात झज्जरजवळ पाच दलितांची जमावाने हत्या केली. २०१६ साली गुजरातेत उना येथे मृत गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली. त्यानंतर तेथील दलितांनी मेलेली जनावरे उचलण्यास नकार दिला आणि सुरेंद्रनगरला ती जिल्हाधिकारी कार्यालयापुढे आणून टाकली. गिधाडे नसलेल्या प्रदेशात हा नकार सार्वजनिक आरोग्यावर कोणता परिणाम करतो, आणि त्याची जबाबदारी शासनाची की पूर्वापार राबणाऱ्याची, हे प्रश्न वर उल्लेखिलेल्या अभ्यासांच्या कक्षेत यावयास हवे होते.

गिधाडांचे संवर्धन नको, असे आमचे म्हणणे नाही. उलट घातक औषधांवरील बंदी कसोशीने अमलात आलीच पाहिजे. परंतु गिधाड परतले म्हणजे ढोर ओढण्याचे जुने कामही जुन्याच माणसाकडे परतेल, अशी व्यवस्था आम्हांस मान्य नाही. मृत जनावरांची विल्हेवाट हे यंत्रे, संरक्षक साधने व योग्य वेतन यांसह शासनाने पार पाडावयाचे सार्वजनिक काम आहे.

'हे असेल तर ते होते' हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार निसर्गाला लावून पर्यावरणाची भलामण करणे आता रूढ झाले आहे. पण कार्यकारणाच्या साखळीतील प्रत्येक दुवा पाहणे हीच त्या विचाराची अट आहे. औषध, ढोर, गिधाड, कुत्रा, रोग हे दुवे शास्त्रज्ञांनी शोधले; त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. ढोर आणि गिधाड यांच्यामध्ये उभा असलेला माणूस मात्र मोजावयाचा राहिला आहे. तो मोजण्याचे काम आता आपल्या अभ्यासकांनी हाती घ्यावे.