गायसच्या पोथींतील अविभक्त दाय : एक परीक्षण

प्राचीन रोमन लोकांतहि आमच्यासारखेंच अविभक्त कुटुंब होतें व त्यास गायस या विधिज्ञाची साक्ष आहे, असें विधान रोमन कायद्याच्या चर्चेंत पुष्कळदां ऐकूं येतें. विधान अगदींच निराधार नाहीं. पण साक्ष कोणत्या पानावरची, तें पान कोणत्या स्थितींत हातीं आलें, आणि साक्षीदार स्वतः पाहिलेलें सांगतो कीं ऐकिलेलें, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहींत. अस्सल व नक्कल यांतील भेद जाणणार्‍या वाचकांपुढें तेच मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गायसचा 'इन्स्टिट्यूट्स' हा पाठ्यग्रंथ इ. स. १६१ च्या सुमाराचा. व्यक्ति, वस्तु व दावे ही त्याची त्रिविध मांडणी सम्राट् जस्टिनियन याच्या ५३३ च्या त्याच नांवाच्या ग्रंथांत उतरली आणि त्या वाटेनें १८०४ च्या फ्रेंच संहितेच्या रचनेवरहि तिची छाया पडली. मूळ ग्रंथ मात्र जस्टिनियनच्या संग्रहापुढें मागें पडून नाहींसा झाला. १८१६ सालीं इतिहासकार नीबुर हा प्रशियाचा वकील म्हणून रोमला जात असतां व्हेरोना येथील धर्मपीठाच्या ग्रंथालयांत संत जेरोमच्या पत्रांची एक चर्मपत्री पोथी त्याच्या दृष्टीस पडली. वरच्या अक्षरांखालीं दुसरीं अक्षरें होतीं. नीबुरला तीं उल्पियनचीं वाटलीं. तो गायस आहे हें साविग्नीनें ओळखिलें. पांचव्या-सहाव्या शतकांतील गायसची प्रत पुसून त्याच चामड्यावर जेरोमचीं पत्रें उतरलीं होतीं. कांहीं पानें तर तीनदां लिहिलेलीं. बर्लिनच्या अकादमीनें १८१७ त गोशेन, बेकर व बेथमान-होलवेग यांस तेथें धाडिलें आणि १८२० त पहिली मुद्रित आवृत्ति निघाली.

पुढील हकीकत वाचून संग्राहकाचा जीव कळवळेल. बुजलेलीं अक्षरें वर यावींत म्हणून पानांस रासायनिक द्रव्यें लाविलीं गेलीं. ब्लूमेनें योजिलेलीं तर फारच जहाल होतीं. अक्षर त्या वेळेपुरतें उमटलें व पान कायमचें काळवंडलें. त्याच्या वाचनाचा उपयोग झाला हें खरें, पण पुढच्या वाचकाची वाट त्यानें बंद केली. स्टूडेमुंडचें काम याहून वेगळ्या जातीचें. त्यानें १८७४ त पोथीची अक्षरशः नक्कल छापिली. ओळीस ओळ, जें दिसलें तें व तेवढेंच. आपल्याकडे अद्याप फाटक्या कागदांतील गाळलेला शब्द संपादक मजकुरांतच बेमालूम बसवितात. त्यांनीं ही नक्कल एकवार उघडून पहावी.

या पोथींतील तीन पानें गहाळ आहेत व पुष्कळ ठिकाणीं वाचन लागत नाहीं. आमच्या विषयाचा मजकूर तिसर्‍या भागांत भागीदारीच्या प्रकरणांत येतो आणि तो व्हेरोनाहून हातीं आलाच नव्हता. तो ईजिप्तमधून आला. कैरो येथें विकत घेतलेल्या चर्मपत्राच्या तुकड्यांत तो सांपडला व आरान्ज्यो-रुइझ यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केला. अर्थात् त्यापूर्वीं ज्यांनीं गायसच्या नांवें अविभक्त कुटुंबाची साक्ष काढिली, त्यांच्यापुढें हें पान नव्हतें. मेनसाहेबांचा प्राचीन कायद्यावरील ग्रंथ १८६१ चा, म्हणजे ग्रंथकर्त्यानें हिंदुस्थान पाहण्यापूर्वींचा. त्यांचा तर्क तीक्ष्ण खरा. पण तर्क म्हणजे साक्ष नव्हे.

आतां साक्ष पाहूं. कुटुंबप्रमुख वारल्यावर त्याच्या सत्तेखालील वारसांत पूर्वीं एक भागीदारी उत्पन्न होई. तिला 'एर्क्टो नॉन किटो', म्हणजे न वाटलेलें स्वामित्व, म्हणत. सर्वांच्या गुलामास त्यांतील कोणीहि एकट्यानें मुक्त केलें तर तो मुक्त होई व सर्वांचा मुक्तदास ठरे. समाईक वस्तूहि एकटा विधिपूर्वक दुसर्‍यास देऊं शके. येथें 'पूर्वीं' हा शब्द गायसचाच आहे. ही रीति त्याच्या काळीं मोडून गेली होती, ई. स. पूर्वीं ४५० च्या सुमाराचे द्वादश पट्ट त्याच्या मागें सहा शतकें होते. तो आपल्यासारखाच जुने दप्तर वाचणारा. शिवाय ही भागीदारी खास रोमन नागरिकांची असें तो बजावितो. तेव्हां तिच्या आधारें सर्व मानवजातीचा नियम सांगणारांस त्याचा पाठिंबा नाहीं.

मिताक्षरेशीं तर तिचें साम्य वरवरचें आहे. विज्ञानेश्वराच्या मतें पुत्राचा हक्क जन्मानें उत्पन्न होतो. गायसची भागीदारी बापाच्या मृत्यूनें. या बाबतींत ती जीमूतवाहनाच्या दायभागास जवळची. आपत्काल, कुटुंबपोषण व धर्मकृत्य यांखेरीज एकट्यास समाईक स्थावर विकतां येत नाहीं असें मिताक्षरा म्हणते. रोमन भावास अशी अट या पानांत तरी नाहीं. एक गोष्ट मात्र उलट बाजूची आहे व ती लपविणें योग्य नव्हे. बापाच्या हयातींतहि असे वारस एका अर्थीं धनीच समजले जात, असें गायस दुसर्‍या भागांत सांगतो. जन्मस्वत्वाचा हा पुसट ठसा असूं शकेल; याहून अधिक म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

आधुनिक संहितांवर परिणाम झाला तो या जुन्या रीतीचा नव्हे, तर तिच्या विरुद्ध तत्त्वाचा. समाईकींत कोणासहि त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवूं नये, हें उत्तरकालीन रोमन वचन १८०४ च्या फ्रेंच संहितेच्या ८१५ व्या कलमांत ठळकपणें आलें. गोव्यांत १८७० पासून लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज संहितेंत मात्र 'कौटुंबिक भागीदारी' हें एक प्रकरण आहे. भाऊभाऊ, किंवा आईबाप व सज्ञान मुलें, वर्षाहून अधिक काळ एका घरीं, एका पंक्तीस राहून जमाखर्च व नफातोटा एकत्र ठेवितील, तर लेखावांचूनहि ती भागीदारी मानावी असें तेथें म्हटलें आहे. हिचें मूळ गायसच्या त्या उतार्‍यांत शोधणें व्यर्थ. 'एर्क्टो नॉन किटो' हे शब्द गेलियसच्या ग्रंथामुळें पूर्वींच ठाऊक होते, पण तिचा गायसनें सांगितलेला घाट १९३३ पर्यंत कोणासहि माहीत नव्हता. ज्यांच्या संग्रहीं गोव्याकडील जुनीं वाटणीपत्रें असतील त्यांनीं १८७० पूर्वींच्या कागदांत एका पंक्तीचा व एकत्र जमाखर्चाचा उल्लेख कोणत्या शब्दांत येतो तें पहावें, आणि असे कागद मूळ शब्दांसह, गाळलेलीं अक्षरें कोरीं ठेवून, प्रसिद्ध करावे.